पाटी कंपनीची, घर सरकारचं : अँट्रिक्सची गोष्ट

इस्रोचं रॉकेट उडालं की त्या दिवशी व्हॉट्सॲपवर दोन तऱ्हेचे मेसेज येतात. एक तिरंग्याचा. दुसरा, 'इस्रोने आज परदेशी उपग्रह सोडून एवढे कोटी कमावले' असा. पहिल्याबद्दल काही म्हणणं नाही, मीही पुढे पाठवतो. दुसऱ्यावर मात्र बऱ्याच दिवसांपासून लिहायचं मनात होतं.

कारण काटेकोर बोलायचं तर गिऱ्हाइकाशी व्यवहार इस्रो करत नाही. इस्रो हा सरकारी खात्याचा भाग. तिला बजेटमधून पैसा येतो आणि त्यातून ती रॉकेट बांधते. गिऱ्हाइकाशी करार कोण करतं, बिल कोण फाडतं? त्यासाठी वेगळी कंपनी आहे. १९९२ पासून अँट्रिक्स, आणि २०१९ पासून तिच्या जोडीला न्यू स्पेस इंडिया लिमिटेड, म्हणजे एनसिल. दोन्ही शंभर टक्के सरकारच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या. आणि यातल्या अँट्रिक्सने २००५ साली केलेल्या एका करारावरून भारत गेली दहा-बारा वर्षं पॅरिस, हेग, सिएटल, मॉन्ट्रियल, वॉशिंग्टन अशा जगभरच्या कोर्टांत आणि लवादांत उभा आहे. आपल्याकडे याची बातमी आली की 'देवास प्रकरण' एवढे दोन शब्द छापून येतात आणि वाचणारा पुढच्या पानावर जातो. म्हणून सगळं सलग लिहितो. पोस्ट लांब आहे. चहा ठेवा.

सुरुवात जरा मागून करू. १९६३ साली केरळातल्या थुंब्याच्या किनाऱ्यावरून पहिलं रॉकेट उडालं, तेव्हा विकण्याचा विचार कुणाच्याच डोक्यात नव्हता. विक्रम साराभाईंचा सगळा रोख होता तो शेती, हवामान, शाळा, दूरदर्शन याकडे. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या २४०० गावांत टीव्ही दाखवण्याचा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण पुढे इन्सॅट आल्यावर १९८४-८५ च्या सुमाराला गावोगावी टीव्हीचे मनोरे उभे राहिले, ते चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आठवत असतील. हे सगळं सरकारी खर्चाने झालं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मग १९९१ आलं. परकीय चलनाचा खडखडाट, सोनं गहाण, नवं आर्थिक धोरण. प्रत्येक खात्याला एकच प्रश्न : तुम्ही कमावता काय? इस्रोकडे दाखवण्यासारखं होतं. १९८८ पासून आपला दूरसंवेदन उपग्रह आकाशात होता, छायाचित्रं चांगली येत होती. जगाची रीतही तशीच झाली होती. युरोपने १९८० मध्येच एरियनस्पेस काढून रॉकेटचा धंदा सुरू केला होता. सोव्हिएत संघानेही ग्लावकॉसमॉस नावाची संस्था विक्रीसाठी पुढे केली होती. या ग्लावकॉसमॉसकडूनच आपण क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान घेणार होतो. मे १९९२ मध्ये अमेरिकेने त्यावरून इस्रो आणि ग्लावकॉसमॉस या दोघांवर दोन वर्षांचे निर्बंध लावले. आणि त्याच वर्षी, २८ सप्टेंबरला, बंगळुरात अँट्रिक्स कॉर्पोरेशन नोंदली गेली. नाव 'अंतरिक्ष'वरून, जरा इंग्रजी वळण देऊन. पहिले अध्यक्ष यू. आर. राव. तेच तेव्हा इस्रोचेही अध्यक्ष होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गंमत बघा. ज्या अमेरिकेने निर्बंध लावले, तिथलीच इओसॅट ही कंपनी दोन-तीन वर्षांत आपल्या उपग्रहांची छायाचित्रं जगात विकायला लागली. डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१सी ला जमिनीवरची सहा मीटरपेक्षा लहान वस्तू दिसायची आणि नागरी वापराच्या उपग्रहांत त्या वेळी एवढी नजर कुणाचीच नव्हती. हा अँट्रिक्सचा पहिला खरा धंदा. त्याच काळात भारताने इन्सॅट-२ई वरचे ११ ट्रान्सपाँडर इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेला भाड्याने दिले. उपग्रह आपला, भाडेकरू परदेशी, भाडं डॉलरमध्ये.

रॉकेटचा धंदा नंतरचा. पीएसएलव्हीचं पहिलंच उड्डाण १९९३ मध्ये फसलं, दुसरं १९९४ मध्ये जमलं. मे १९९९ मध्ये आपल्या ओशनसॅटबरोबर एक कोरियाचा आणि एक जर्मनीचा छोटा उपग्रह गेला. २००७ मध्ये इटलीचा ३५२ किलोचा अजिले गेला. तेव्हा पहिल्यांदाच अख्खं रॉकेट परदेशी गिऱ्हाइकासाठी उडालं. आणि १५ फेब्रुवारी २०१७ चं ते एका फेरीत १०४ उपग्रहांचं उड्डाण तर सगळ्यांना पाठ आहे. त्यातले १०१ परदेशी. पण वजन बघा. एकूण १३७८ किलो, त्यातला आपला कार्टोसॅट एकटाच ७१४ किलोचा. उरलेल्या १०३ जणांचं मिळून साडेसहाशे किलोच्या आसपास. आपल्या भाषेत सांगायचं तर एसटी आपल्या कामासाठी पुण्याला निघालीच होती, टपावर पार्सलं घेतली. त्यात चूक काहीच नाही. टपावरच्या पार्सलाचे पैसे फुकटचेच. फक्त 'एसटी पार्सलांवर चालते' असं कुणी म्हणू नये.

सरकारनेच संसदेत दिलेला आकडा आहे. जानेवारी २०१५ ते डिसेंबर २०२४ या दहा वर्षांत ३९३ परदेशी उपग्रह सोडले, त्यातून १४.३ कोटी डॉलर आणि २७.२ कोटी युरो मिळाले. रुपयांत साडेतीन-चार हजार कोटींच्या घरात. दहा वर्षांचे. अवकाश खात्याचं एका वर्षाचं बजेट आता तेरा हजार कोटींच्या वर आहे. हा आकडाही लक्षात ठेवा.

मग अँट्रिक्सचं पोट भरत कशावर होतं? तुमच्या गच्चीवरच्या डिशवर. टाटा स्काय २००६ मध्ये सुरू झालं ते इन्सॅट-४ए वर. डीटीएचवाल्यांना, वाहिन्यांना, बँकांच्या नेटवर्कला लागणारे ट्रान्सपाँडर भाड्याने द्यायचे ते अँट्रिक्सने. आपल्या उपग्रहावर जागा नसेल तर परदेशी उपग्रहावरची जागा घेऊन पुढे द्यायची, तीही अँट्रिक्सनेच. गिऱ्हाइकाला दुसरं दुकानच नव्हतं. म्हणजे उत्पन्नाचा मोठा हिस्सा हा सरकारी मक्तेदारीचं भाडं होता. २००८ मध्ये कंपनीला मिनीरत्न दर्जा मिळाला. माणसं मोजकी. कारखाना नाही, प्रयोगशाळा नाही, लाँचपॅड नाही. सगळं इस्रोचं. अँट्रिक्सकडे होतं ते लेटरहेड आणि सहीचा अधिकार.

आता त्या लक्षात ठेवायला सांगितलेल्या गोष्टीकडे येतो. इस्रोचे अध्यक्ष, अवकाश खात्याचे सचिव आणि अवकाश आयोगाचे अध्यक्ष ही तिन्ही पदं एकाच माणसाकडे असतात. रचनाच तशी आहे, आणि विज्ञानाच्या कामात तिचा फायदाही झाला, निर्णय भराभर झाले. पण २०११ पर्यंत चौथं पदही त्याच माणसाकडे होतं, अँट्रिक्सचं अध्यक्षपद. आपल्या भागातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. कारखान्याचा चेअरमन, ऊस वाहतुकीचा ठेकेदार, वजनकाटा तपासणारा आणि काट्याची तक्रार ऐकणारा एकच माणूस असेल तर तो माणूस देवासारखा असला तरी पंचाईत होते. विकणारा तोच, ज्याच्याकडून माल घ्यायचा तोही तोच, परवानगी देणारा तोच, आणि सरकारला सल्ला देणाराही तोच.

२००३ मध्ये अँट्रिक्सने फोर्ज अॅडव्हायझर्स या अमेरिकी सल्लागार संस्थेशी सामंजस्य करार केला. कल्पना अशी की उपग्रहावरून थेट मोबाइलवर व्हिडिओ आणि इंटरनेट द्यायचं. खेड्यात, धावत्या गाडीत, कुठेही. आज हसू येईल, पण कल्पना खुळी नव्हती. कोरिया-जपानमध्ये असे प्रयोग तेव्हा सुरू होत होते, आणि आपल्या हातात साधे बटणांचे फोन होते. या कामासाठी १७ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरात देवास मल्टिमीडिया ही कंपनी स्थापन झाली. तिच्यात इस्रोतून निवृत्त झालेले अधिकारी होते. २८ जानेवारी २००५ रोजी अँट्रिक्सने तिच्याशी करार केला. मधे गेले ४२ दिवस. आमच्याकडे बचत गटाचं खातं उघडायलासुद्धा यापेक्षा जास्त फेऱ्या होतात.

करार असा : इस्रो दोन उपग्रह बांधणार, जीसॅट-६ आणि जीसॅट-६ए. त्यांची ९० टक्के क्षमता १२ वर्षांसाठी देवासला. त्याबरोबर ७० मेगाहर्ट्झ एस-बँड स्पेक्ट्रम वापरायला मिळणार. मोबदला सगळा मिळून साधारण ३० कोटी डॉलर, तेव्हाच्या भावाने तेराशे कोटी रुपये. निविदा नाही, लिलाव नाही. आणि पुढे कॅगने ज्यावर बोट ठेवलं ते असं : मंत्रिमंडळाकडून उपग्रहाच्या खर्चाची मंजुरी घेताना त्याची जवळपास सगळी क्षमता एका खासगी कंपनीला आधीच देऊन टाकली आहे, हे मंत्रिमंडळाला सांगितलंच नव्हतं. उपग्रह सरकारी पैशाने बांधायचा, मंजुरी मंत्रिमंडळाची, आणि मंत्रिमंडळाला भाडेकरू माहीत नाही.

हे जाणूनबुजून केलं की सवयीने झालं, यावर माणसं अजून भांडतात. सवयीने झालं म्हणणाऱ्यांचा मुद्दाही ऐकायला हवा. २००५ मध्ये एस-बँडला कुणी विचारत नव्हतं. माळरानावरची जमीन होती ती, कुसळं उगवलेली. पाच वर्षांनी तिच्या शेजारून बायपास गेला. २०१० मध्ये थ्रीजी आणि ब्रॉडबँडच्या लिलावात सरकारला एक लाख कोटींहून जास्त मिळाले. बीएसएनएल आणि एमटीएनएलने नुसत्या २० मेगाहर्ट्झचे १२,८४७ कोटी भरले होते. मग सगळ्यांना आठवलं की शेजारचेच ७० मेगाहर्ट्झ कुणाला तरी तेराशे कोटींत दिलेले आहेत, तेही दोन उपग्रहांसकट.

७ फेब्रुवारी २०११ रोजी बातमी फुटली. आकडा होता दोन लाख कोटींच्या तोट्याचा. टूजीचे १.७६ लाख कोटी तीन महिन्यांपूर्वीच गाजले होते, त्यामुळे लोकांना लाख कोटीचं गणित नवीन नव्हतं. टीव्हीच्या खालच्या पट्टीवर तो आकडा दिवसभर फिरत होता. खुद्द कॅगने तेव्हाच सांगितलं होतं की आमची तपासणी प्राथमिक टप्प्यावर आहे, निष्कर्ष काढलेला नाही. ते निवेदन आत, कोपऱ्यात. पत्रकारितेच्या डिप्लोमाच्या वर्गात आमचे एक सर सांगायचे, आकडा आला की आधी विचारा, मोजला कुणी आणि कशाने. या आकड्यात जमिनीवरच्या मोबाइल स्पेक्ट्रमचा भाव उपग्रहाच्या स्पेक्ट्रमला लावला होता. मला तो आकडा तेव्हाही फुगलेला वाटत होता, आजही वाटतो. पण आकडा फुगलेला होता म्हणून व्यवहार सरळ होता, असंही नाही.

दहा दिवसांत, १७ फेब्रुवारीला, सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने करार रद्द करायचा निर्णय घेतला. कारण दिलं : सैन्यदलं, निमलष्करी दलं आणि इतर सार्वजनिक गरजांसाठी एस-बँड लागणार आहे, धंद्यासाठी देता येणार नाही. २५ तारखेला अँट्रिक्सने देवासला पत्र पाठवलं. घेतलेली आगाऊ रक्कम, सुमारे ५८ कोटी रुपये, परत केली. देवासने ती घेतली नाही.

इथे खरी मेख आहे. पत्र कोणाचं? कंपनीचं. निर्णय कोणाचा? सरकारचा. करारात भांडण झालं तर आंतरराष्ट्रीय लवादाकडे जायचं असं कलम होतं. देवास गेली. अँट्रिक्सचं म्हणणं, आम्ही काय करणार, सरकारनेच हात बांधले, ही आमच्या ताकदीबाहेरची गोष्ट. शेतकऱ्याला गारपीट तशी कंपनीला सरकार. पण ज्या अवकाश आयोगाने २ जुलै २०१० रोजी करार रद्द करायची शिफारस केली, त्याचे अध्यक्ष आणि अँट्रिक्सचे अध्यक्ष एकच होते. स्वतःच्या घरातून आलेल्या पावसाला कुणी अस्मानी म्हणेल का? १४ सप्टेंबर २०१५ रोजी लवादाच्या तिन्ही सदस्यांनी एकमताने निवाडा दिला : अँट्रिक्सने ५६.२५ कोटी डॉलर आणि वर व्याज द्यावं.

वर लक्षात ठेवायला सांगितलेला आकडा आता बाजूला ठेवून बघा. दहा वर्षांत ३९३ परदेशी उपग्रह सोडून जे मिळालं, ते डॉलरमध्ये केलं तर ४५ कोटींच्या आसपास जातं. या एका निवाड्याची नुसती मुद्दल त्याहून मोठी आहे.

आणि हा एकच निवाडा नव्हता. देवासमध्ये पैसे घातलेल्या मॉरिशसच्या कंपन्या आणि जर्मनीची डॉइच टेलिकॉम यांनी गुंतवणूक संरक्षणाच्या करारांखाली थेट भारत सरकारवर दावे लावले. म्हणजे एका खिडकीवर गिऱ्हाईक म्हणून कंपनीवर दावा, दुसऱ्या खिडकीवर गुंतवणूकदार म्हणून सरकारवर. मॉरिशसवाल्यांच्या लवादाने एक वाटणी केली, ती मला या सगळ्या कागदपत्रांत सर्वांत शहाणपणाची वाटली. त्यांनी म्हटलं की देशाच्या सुरक्षेसाठी ६० टक्के स्पेक्ट्रम काढून घेणं सरकारच्या हक्कातलं आहे, त्याची भरपाई नाही. उरलेल्या ४० टक्क्यांची द्या. २०२० मध्ये ती रक्कम ठरली ११.१ कोटी डॉलर अधिक व्याज. डॉइच टेलिकॉमला ९.३३ कोटी डॉलर अधिक व्याज.

आपल्याकडे मात्र याच काळात खटल्याचं तोंड बदललं. सीबीआयने २०१५ मध्ये गुन्हा नोंदवला, २०१६ मध्ये आरोपपत्र दाखल केलं. तो खटला वेगळा. २०२१ मध्ये अँट्रिक्सने कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज केला की देवास ही मुळात फसवणुकीसाठीच काढलेली कंपनी आहे, ती गुंडाळा. मे २०२१ मध्ये तसा आदेश झाला आणि १७ जानेवारी २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. कोर्टाने फार कडक शब्द वापरले. जे तंत्रज्ञान हातात नव्हतं ते आहे असं दाखवलं, परवाने नव्हते, आलेल्या ५७९ कोटींतला मोठा भाग परदेशात वळवला, वगैरे. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने लवादाचा ५६.२५ कोटी डॉलरचा निवाडाही रद्द केला. भारताच्या हद्दीत विषय संपला.

हद्दीबाहेर संपला नाही. तिथले वकील साधा प्रश्न विचारतात : फसवणूक होती तर २०११ च्या पत्रात सुरक्षेचं कारण कशाला लिहिलं? फसवणूक आहे हे तुम्हाला निवाडा विरोधात गेल्यावर आठवलं का? आपल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचा मला पूर्ण आदर आहे, आणि ४२ दिवसांच्या त्या कंपनीबद्दल मलाही काही ममत्व नाही. पण हा प्रश्न टाळता येत नाही. २०११ मध्येच चौकशी करून, फसवणुकीचा मुद्दा धरून करार मोडला असता तर खटला वेगळा उभा राहिला असता. तेव्हा घाई होती ती बातमी विझवायची.

२०२१ च्या शेवटी मॉरिशसच्या कंपन्यांनी कॅनडात, क्युबेकच्या कोर्टातून, विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे जमा असलेले एअर इंडियाचे आणि विमानतळ प्राधिकरणाचे पैसे अडकवले. नेमकं तेव्हाच एअर इंडिया टाटांच्या ताब्यात जायची तयारी चालली होती. जानेवारीत प्राधिकरणाचा भाग सुटला, एअर इंडियाचा निम्मा अडकला. उपग्रहाच्या करारात विमानतळ प्राधिकरणाचा काय संबंध? त्यांचं उत्तर, मालक एकच.

कमेंटमध्ये काँग्रेस-भाजप सुरू होणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो. करार झाला यूपीएच्या काळात, मोडला यूपीएच्याच काळात. निवाडा आला एनडीएच्या काळात, कंपनी गुंडाळायची कल्पना एनडीएची. जानेवारी २०२२ मध्ये अर्थमंत्र्यांनी पत्रकार परिषद घेऊन काँग्रेसवर ठपका ठेवला. त्याआधी २०१२ मध्ये यूपीए सरकारने माजी अध्यक्षांसह चार शास्त्रज्ञांना सरकारी पदांवरून दूर ठेवायचा आदेश काढला होता. दोन्ही वेळी दोष माणसांवर गेला. एकाच खुर्चीत चार पदं का ठेवली होती, यावर कुणी पत्रकार परिषद घेतल्याचं माझ्या वाचनात नाही. एक बदल मात्र निमूटपणे झाला. २०११ नंतर अँट्रिक्सला वेगळा प्रमुख मिळाला.

ज्या उपग्रहांसाठी हे रामायण झालं त्यांचं काय? जीसॅट-६ ऑगस्ट २०१५ मध्ये गेला, सहा मीटरची उघडणारी अँटेना घेऊन, आणि लष्करी कामासाठी वापरात आला. जीसॅट-६ए मार्च २०१८ मध्ये गेला आणि दोन-तीन दिवसांत त्याचा संपर्क तुटला तो तुटलाच.

६ मार्च २०१९ ला एनसिल स्थापन झाली. अँट्रिक्स असताना दुसरी कंपनी कशाला? सरकारी उत्तर असं की तंत्रज्ञान उद्योगांना देणं, त्यांच्याकडून रॉकेटं बांधून घेणं ही नवी कामं आहेत. पण ज्या दुकानाच्या नावावर कोट्यवधी डॉलरची वसुली लागली आहे, त्या दुकानाच्या गल्ल्यात नवे पैसे कोण ठेवेल? हा माझा अंदाज आहे, कुठल्या कागदावर तो सापडणार नाही. आता नवे करार एनसिलच्या नावावर होतात. वनवेबचे ७२ उपग्रह दोन खेपांत, ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये, आपल्या सर्वांत मोठ्या रॉकेटने गेले. युक्रेनच्या युद्धामुळे रशियाने ते सोडायला नकार दिला म्हणून ते गिऱ्हाईक आपल्याकडे आलं. सरकारने आकाशातले दहा दळणवळण उपग्रह एनसिलच्या नावावर केले आणि कंपनीचं अधिकृत भागभांडवल एक हजार कोटींवरून साडेसात हजार कोटींवर नेलं. आधी गिऱ्हाईक ठरवायचं, मग उपग्रह बांधायचा, अशी नवी पद्धत आली. त्यातला पहिला जीसॅट-२४, पूर्ण टाटा प्लेला दिलेला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ४७०० किलोचा जीसॅट-एन२ आपल्या रॉकेटला पेलणारा नव्हता, म्हणून एनसिलने तो मस्कच्या स्पेसएक्सकडून अमेरिकेतून सोडून घेतला. विकणारी कंपनी इथे विकत घेणारी झाली. धंद्यात असं चालतं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

या नव्या व्यवस्थेत महाराष्ट्राचाही हात आहे, तो बातम्यांत कमी येतो. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरमध्ये १९७० च्या दशकापासून इस्रोसाठी मोटरची कवचं घडवली जातात. विक्रोळीत गोदरेजमध्ये विकास इंजिनं बनतात. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा घन इंधनाचा आहे, आणि आपल्याकडे घन इंधनाचं शास्त्र उभं करणाऱ्यांत वसंत गोवारीकरांचं नाव पहिल्या ओळीत येतं. आजवर हे सगळे इस्रोला सुटे भाग पुरवत आले. २०२२ मध्ये एनसिलने हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या जोडीला पाच अख्ख्या पीएसएलव्हींचं काम दिलं, ८६० कोटींना. म्हणजे सुटे भाग देणाऱ्यांचं गिऱ्हाईक हळूहळू बदलणार. खात्याकडून बिल निघायला वेळ लागतो, पण बुडत नाही. मोठ्या कंपनीखाली पोटठेकेदार होणं काय असतं, हे औद्योगिक वसाहतीत कुणालाही विचारा.

हिशोबाचा प्रश्न तर तसाच आहे. संसदेत उत्तर येतं ते किती डॉलर आले याचं. एका परदेशी उपग्रहामागे इस्रोचा किती खर्च झाला, लाँचपॅडचं भाडं कंपनीने खात्याला किती दिलं, आपल्या माणसांचे तास किती लागले, हे त्या उत्तरात नसतं. ग्रामपंचायतीच्या गाळ्याचं भाडं ग्रामसभेत विचारता येतं, तसं हे विचारायला एखाद्या खासदाराने दोन ओळींचा तारांकित प्रश्न टाकला तरी पुरे.

आता कोर्टातला शेवटचा मुक्काम सांगतो. सिएटलच्या कोर्टाने २०२० मध्येच लवादाचा निवाडा मान्य करून व्याजासह १२९ कोटी डॉलरचा हुकूमनामा दिला होता. अमेरिकेशी अँट्रिक्सचा पुरेसा संबंध नाही, म्हणून इथे खटला चालणार नाही, असं सांगून अपील कोर्टाने तो २०२३ मध्ये उडवला. ५ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की परदेशी सरकारांवरच्या त्यांच्या कायद्यात असा संबंध दाखवायची अट नाही, आणि प्रकरण खाली परत पाठवलं. अँट्रिक्सचा दुसरा बचाव असा आहे की अमेरिकी घटना न्याय्य प्रक्रियेचं जे संरक्षण देते, ते स्वतंत्र कंपनी म्हणून आम्हालाही मिळायला हवं. त्यावर सुप्रीम कोर्टाने मत दिलं नाही, तो मुद्दा अपील कोर्टासाठी उघडा ठेवला. म्हणजे अँट्रिक्स ही कंपनी आहे की सरकार, हा १९९२ पासून आपण न सोडवलेला प्रश्न आता अमेरिकेतले न्यायाधीश सोडवणार आहेत.